शंका असल्यास पुन्हा

माणसाच्या अंगात किती दम आहे हे मोजणं माझं काम. पाहुण्यांत कुणी विचारलं आणि मी असं सांगितलं की बायका लगेच हसून आपापल्या नवऱ्याचं नाव पुढे करतात. करू देत. काम मात्र कोरडं आहे. इस्पितळाच्या तळमजल्यावर एक खोली, खोलीत जागची न हलणारी सायकल, शेजारी यंत्र, यंत्रातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला मास्क. पेशंट मास्क लावून पॅडल मारतो, मी दर मिनिटाला थोडाथोडा भार वाढवते, आणि तो किती ऑक्सिजन वापरतो हे यंत्र श्वासागणिक टिपतं.

पडद्यावर ठिपके उमटत जातात. भार वाढला की ऑक्सिजनही वाढतो, अगदी सरळ रेघेत. एक वॉट वाढवा, अंग दहा मिलीलीटर जास्त ओढतं. मग एक जागा अशी येते की तेवढा ऑक्सिजन पुरेनासा होतो आणि स्नायू त्याच्याशिवाय आडमार्गाने ताकद काढायला लागतात. त्यासरशी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड एकदम उसळतो आणि दोन रेघांची फारकत होते. त्या जागेला आम्ही उंबरठा म्हणतो. त्याच्याही पुढे रेटत नेलं तर शेवटी पठार लागतं: भार वाढतो, ऑक्सिजन वाढत नाही. तिथे माणूस संपला.

आमच्या सर्जनना पठाराशी कर्तव्य नाही, त्यांना उंबरठा हवा. दर किलो वजनामागे, दर मिनिटाला अकरा मिलीलीटर. तेवढा असला तर ते पोट उघडतात, खाली असला तर सुरी हातात धरत नाहीत, कारण तसा माणूस टेबलावरून परत येईल याची त्यांना खात्री वाटत नाही. उंबरठ्याची गंमत म्हणजे त्याला जिद्द कळत नाही. पठार दात-ओठ खाऊन जरा पुढे ढकलता येतं. उंबरठा जिथे आहे तिथेच असतो, तुम्ही कितीही मोठे वीर असा.

माझ्या कागदाच्या तळाशी दोन चौकोन आहेत. एक ‘चाचणी समाधानकारक’, दुसरा ‘शंका असल्यास पुन्हा घ्यावी’. शंका म्हणजे यंत्राबद्दलची शंका. मास्क गळाला, नळी निसटली, असं काही. पण उंबरठा दिवसागणिक अर्धा-पाऊण मिलीलीटर इकडचा तिकडे होतो हे मला ठाऊक आहे. म्हणून दहा आणि अकराच्या मधे अडकलेला माणूस आला की मी शंकेवर खूण करते आणि त्याला परवा पुन्हा बसवते. हे नियमात बसत नाही. वरच्या डॉक्टरीणबाई मी खूण करीन तिथे सही करतात. सात वर्षांत अशी एकतीस माणसं मी दुसऱ्यांदा बसवली, त्यातली एकोणीस पार झाली. त्यातल्या कुणाला याचा पत्ता नाही. मी ही गोष्ट एकाच व्यक्तीला सांगितली होती, माझ्या धाकट्या बहिणीला, आणि तीही चहा पिताना, सहज.

आमचे बाबा शाळेत खेळाचे मास्तर होते. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळं मैदान त्यांना शिट्टीमास्तर म्हणायचं, पाठीमागे आणि नंतर नंतर तोंडावरही. आम्हा दोघींना त्यांनी पळायला लावलं ते चालता यायला लागल्यापासून. आई लवकर गेली, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. सकाळी पाचला खांद्याला हलवायचे, साडेपाचला मैदान. दमून थांबलं की जवळ येऊन शांतपणे म्हणायचे, “दम संपला असं वाटतं तेव्हा निम्मा दम शिल्लक असतो.” ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर त्यांचा राग तरी करता आला असता.

मी बरी पळायचे. बरी म्हणजे मैदानावर माझ्या पुढे कुणी नसायचं. धाकटी माझ्याहून दोन वर्षांनी लहान, माझ्यामागून तिसरी-चौथी यायची. शर्यत संपली की मी बाबांच्या तोंडाकडे पाहायचे. ते घड्याळाकडे पाहत असायचे.

मी सतरा वर्षांची असताना त्यांच्या ओळखीचा एक माणूस असलंच एक यंत्र घेऊन बसला होता. पळायचा पट्टा होता आणि मास्क. मास्क एकाच मापाचा, पुरुषांच्या तोंडाचा. बाबा आम्हा दोघींना घेऊन गेले. आधी मी. पहिली पाच-सहा मिनिटं झकास गेली. मग पट्टा वर उचलला गेला, मला घाम फुटला, आणि नाकाच्या शेजारी गार हवा लागायला लागली. मास्क लावून बोलता येत नाही, म्हणून मी नाकाकडे बोट दाखवलं. बाबा म्हणाले, “हात खाली. पळ.” मी हात खाली घेतला. पळाले.

पडद्यावरची रेघ आडवी झाली. तो माणूस म्हणाला, पठार लागलं. बाबांनी आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याला म्हणाले, “हिचं झालं. पुढची घ्या.”

धाकटीचे गाल भरलेले होते. तिच्या तोंडावर मास्क चपखल बसला. तिची रेघ वर वर जात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला त्यांनी तिच्या खांद्याला हलवलं. मी जागीच होते. बूट घालून, नाड्या बांधून पलंगावर बसले होते. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, “झोप तू.” बस, एवढंच. त्यानंतर त्यांनी मला कधी पळायला सांगितलं नाही, वेळ विचारली नाही, मैदानावर का येत नाहीस हेही विचारलं नाही. त्या आधीची सतरा वर्षं ज्या एका गोष्टीवर ते माझ्याशी बोलत होते ती संपली, आणि दुसरी काही नव्हतीच. जेवताना ते धाकटीच्या ताटाकडे लक्ष ठेवायचे. मी काय खाते याच्याशी कुणाला सोयरसुतक उरलं नाही. मला तिचा हेवा वाटायचा, इतका की तिला ताप आला तरी बरं वाटायचं. हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

तिनेही काय मोठं मिळवलं? पाच वर्षं ढाली आणल्या. मग गुडघा कुरकुरायला लागला, तर बाबा म्हणाले, निम्मा दम शिल्लक असतो. बाविसाव्या वर्षी शर्यतीच्या मधेच गुडघा गेला. आज ती छत्तीसची आहे, डावा पाय ओढत चालते, लग्न केलं नाही, आणि बाबांचं पथ्यपाणी सांभाळते. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा म्हणतात, तशातली गत. हेवा करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा कुठे आम्ही दोघी बहिणी झालो.

मी या कामात आले ती योगायोगाने नव्हे. मला त्या आकड्याच्या मुळाशी जायचं होतं. शिकताना आमच्या सरांनी एक दिवस चुकलेल्या चाचण्यांचे आलेख दाखवले. एकाच्या खाली लिहिलं होतं, गळका मास्क. ऑक्सिजनची रेघ एकाएकी आडवी पडते, हृदयाचे ठोके मात्र चढतच राहतात. ते चित्र माझ्या ओळखीचं होतं. घरी जाऊन बाबांच्या फायलीतून माझा जुना कागद काढला. रेघ आडवी झाली तेव्हा माझे ठोके एकशे अडुसष्ट होते, थांबवलं तेव्हा एकशे ऐंशी, आणि अजून चढतच होते. सतराव्या वर्षी हृदय दोनशेपर्यंत जातं. पठार नव्हतंच. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर बराच दम शिल्लक होता.

तो कागद मी ठेवून घेतला. चौदा वर्षं कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि त्यांना दाखवला नाही. मला योग्य वेळ हवी होती. त्यांचं तोंड कसं होईल हे मी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की खरं पाहायची घाई नव्हती.

मग गेल्या महिन्यात धाकटीचा फोन आला. बाबांच्या आतड्यात गाठ निघाली. सर्जननी सांगितलं, कापलं तर वर्षं, नाही कापलं तर महिने. पण आधी सायकलवर बसवून या. माझ्याबरोबर काम करणारा दुसरा तंत्रज्ञ आहे, घरचं माणूस आलं तर एकमेकांचं आम्ही घेतो. पण बाबांनी हट्टच धरला की थोरलीच हवी. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, जमेल ना. मी म्हटलं, न जमायला काय झालं.

त्या सकाळी मी कागद पर्समध्ये टाकून आणला. बेत असा होता: चाचणी घ्यायची, मग कागद त्यांच्या पुढ्यात ठेवायचा, गळका मास्क म्हणजे काय ते नीट समजावून सांगायचं. आकडा काठावर आला तर वर शंकेची खूण करायची, दुसरी संधी द्यायची, जी त्यांनी मला दिली नाही. म्हणजे उरलेली वर्षं आपण कुणाच्या जिवावर जगतोय हे त्यांना रोज सकाळी पाचला आठवत राहील. दया नव्हती ती. याहून चांगली शिक्षा मला सुचली नव्हती.

ते आले तेव्हा मी ओळखायला जरा थांबले. कपडे खुंटीला टांगल्यासारखे अंगावर लोंबत होते. धाकटी त्यांचं जाकीट हातावर घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. खोली गार राहावी म्हणून मी दार अर्धं उघडं ठेवते, तसंच ठेवलं. वजन केलं, अठ्ठावन्न किलो. त्यांच्या तोंडासाठी मी तीन मास्क लावून पाहिले आणि सगळ्यात लहान निवडला. पट्टे घट्ट केले, मास्कचं तोंड तळहाताने बंद केलं, फुंका म्हटलं. कुठूनही हवा निसटली नाही. सगळे एकदा करतात ते मी चारदा केलं. त्यांचा आकडा खरा यायला हवा होता. खोट्या आकड्याचं मला काय करायचं होतं?

तीन मिनिटं नुसतं बसणं, तीन मिनिटं बिनभाराचं पॅडल, आणि मग दर मिनिटाला पाच वॉट. पाठ ताठ ठेवून, समोर भिंतीकडे नजर लावून ते पॅडल मारत होते. जणू मैदानभर पोरं बघत होती. रेघ सरळ चढत होती. पाचव्या मिनिटाच्या आसपास दोन रेघांची फारकत झाली. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि पोटात गुदगुल्या झाल्या. काठावर.

सातव्या मिनिटाला त्यांचे पाय जड झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थांबू का असं. त्यांच्या डोळ्यांत मी तसं कधी काही पाहिलं नव्हतं. उंबरठा मिळालाच होता. मी तिथेच थांबवू शकले असते. मी म्हटलं, “निम्मा दम शिल्लक असतो, बाबा.” ते नवव्या मिनिटापर्यंत गेले. ओठ काळेनिळे पडायला लागले तेव्हा मी भार काढला.

मास्क उतरवून टॉवेल दिला. भार नसला तरी पॅडल जरा मारत राहायला सांगितलं, पाय एकदम थांबले की भोवळ येते. यंत्राने कागद बाहेर टाकला. उंबरठा, दहा पूर्णांक चार.

श्वास जाग्यावर आला तसं त्यांनी विचारलं, किती. मी सांगितलं. त्यांनी टॉवेलाने तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “मास्क गळत होता. नाकापाशी गार लागत होतं. तुला लागलं होतं तसंच.”

पर्सकडे निघालेला माझा हात तिथेच राहिला. मला कधी लागलं होतं, असं मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“बोट दाखवलं होतंस की नाकाकडे.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“न कळायला काय झालं? मास्तर होतो मी.” ते पॅडल मारत होते आणि धापेच्या मधेमधे बोलत होते. तू बाहेर गेल्यावर त्या माणसालाही शंका आली, म्हणाले. तो म्हणत होता, परवा पुन्हा घेऊ, हिला लहान मास्क मागवतो. “मी म्हटलं नको.”

“का?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गातली मठ्ठ मुलगी होते. “दोघींच्या मागे मी एकटा किती पळणार होतो? एकीला घ्यायची होती. तू प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारायचीस. ती ऐकायची. पण तसं सांगितलं असतं तर तू जन्मभर रडली असतीस. आकडा आला, बरं झालं. आकड्यावर कुणी रागावत नाही.”

चौदा वर्षं ज्याला धार लावत बसले ते हत्यार त्यांच्याच घरचं निघालं. ते चुकले नव्हते. फसले नव्हते. कागद दाखवून त्यांना काय सांगणार होते मी, त्यांनीच मला सांगितलं होतं. मला रडू आलं नाही. अंगातून काहीतरी निघून जाऊन हलकं वाटतं तसं वाटलं. बहुतेक त्यांचं माझ्यावर कधीतरी असलेलं प्रेम असावं, जे मी आजवर त्या गळक्या मास्कच्या पलीकडे शिल्लक आहे असं धरून चालले होते.

“तर परवा पुन्हा घे,” ते म्हणाले. “धाकटी म्हणाली, तू देतेस लोकांना. दहाच्या वर असले की देतेस. म्हणून तर तुलाच मागितलं.”

मी त्यांना मास्क पुन्हा लावायला सांगितला. पट्टे होते तिथेच आवळले, पुढचं तोंड तळहाताने बंद केलं आणि म्हटलं, फुंका. त्यांनी फुंकलं. पुन्हा फुंका. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, हवा कुठूनच निसटली नाही. मी त्यांचंच बोट धरून मास्कच्या कडेने नाकापासून हनुवटीपर्यंत फिरवलं.

“कुठे लागतंय गार?”

त्यांनी बोट सोडवून घेतलं. मास्कमधून बोलता येत नाही.

मी कागद टेबलावर ठेवला आणि ‘चाचणी समाधानकारक’वर खूण केली. नियमाने तीच बरोबर होती. बत्तिसावा माणूस असता, कुणीही असता, तर परवा आला असता, रात्री झोपून, सकाळी नीट खाऊन, आणि कदाचित अकरा गाठले असते. एकतिसांतले एकोणीस गाठतात. मला तो हिशेब तोंडपाठ आहे.

मास्क उतरल्यावर त्यांनी खूण पाहिली. त्यांचे पाय थांबले. “अगं, मरेन मी,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मास्तरांचा नव्हता.

मी म्हटलं, “आकड्यावर रागावू नये, बाबा.”

मी दार पूर्ण उघडलं. धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बाकापासून तिथवर ती पाय ओढत कधी आली मला ऐकू आलं नाही. पण तिने सगळं ऐकलं होतं, ते तिच्या तोंडावरून दिसत होतं. तिचा आकडा चांगला होता म्हणून बाबांनी तिला निवडलं, या एका गोष्टीवर ती तो गुडघा आजवर ओढत आली होती.

कागदाच्या अगदी खाली एक ओळ असते, ‘निकाल समजला, नातेवाइकाची सही’. मी कागद तिच्याकडे दिला. तिने आकडा वाचला. तिला असले कागद माझ्याइतकेच वाचता येतात, तिच्या अशा वीस चाचण्या झाल्या आहेत. मग तिची नजर दोन चौकोनांवर गेली आणि तिथे थांबली. बाबा सायकलवरून तिच्याकडे बघत होते.

“सांग तिला,” ते म्हणाले. “तुझं ऐकेल ती.”

धाकटीने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. मला वाटलं, ती शंकेच्या चौकोनावर खूण करील. केली असती तर मी खोडली नसती, देवाशपथ खोडली नसती. ती वाकली, कागद भिंतीला टेकवला आणि खालच्या ओळीवर सही केली. अक्षर नेहमीसारखं, नीटनेटकं. पेन परत माझ्या खिशात लावलं. मग आत जाऊन बाबांना सायकलवरून उतरवलं, खांद्यांवर जाकीट घातलं, सगळी बटणं लावली.

“चला बाबा,” ती म्हणाली. “तुमच्या जेवणाची वेळ झाली.”

ती दोघं एकमेकांना धरून निघाली, एक पाय ओढत, दुसरे श्वास ओढत. मी मास्क उचलून जंतुनाशकाच्या भांड्यात टाकला, बसायची जागा पुसली. पर्समधला जुना कागद काढून टोपलीत टाकला. बाहेरच्या बाकावर एक आजोबा केव्हाचे नंबर धरून बसले होते. ते बाबांकडे पाहत विचारत होते, त्यांचं पुन्हा आहे का, मी थांबू का.

“नाही,” मी म्हटलं. “ह्यांचं झालं. पुढचे या.”